आवाज आहे तोवर जांभळं

सबातीनोला वाचता येत नाही, हे अख्ख्या नेपल्समध्ये फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, मोठा नट आहे, आळशी आहे, म्हणून पाठ करत नाही. त्यानंही लोकांना तसंच वाटू दिलं. आळशी म्हणवून घ्यायला त्याची हरकत नव्हती, अडाणी म्हणवून घ्यायला होती.

लहानपणी शाळेत गेला होता थोडे दिवस. मास्तरनं कान धरून फळ्यापाशी उभा केला, तर ते सुपाएवढे कान बघून सगळा वर्ग हसायला लागला. त्यानं मान वाकडी केली, वर्ग आणखी हसला. मग मास्तरही हसला, आणि हसल्याच्या रागानं त्यानं याला बडवला. सबातीनो त्या दिवशी जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही. गेला कशाला असता? जे शिकायचं ते शिकून झालं होतं. पुढं तो गल्लीतल्या लग्नांमध्ये, बारशांमध्ये गाऊ लागला. पोटभर पास्ता आणि वर बांधून दिलेली मिठाई, ही त्याची बिदागी. गळा असा होता की म्हाताऱ्या बायका खिडक्या उघडायच्या, आणि तोंड असं होतं की उघडलेल्या खिडकीतून हसून हसून पडायच्या बेताला यायच्या.

ओलिंपिया तंबाखूच्या कारखान्यात होती. तिचा बाप छापखान्यात कामाला, म्हणून तिला वाचता येत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या पायरीवर बसून बायकांना पेपरातली गोष्ट वाचून दाखवायची. सबातीनोनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका नव्या गाण्याचा कागद घेऊन आला आणि म्हणाला की चष्मा घरी विसरलाय, जरा वाचता का? तिनं एक ओळ वाचली, त्यानं गायली. तिनं दुसरी वाचली, त्यानं तीही गायली. चष्मा या माणसानं आयुष्यात कधी लावला नव्हता, हे तिला तिसऱ्या ओळीला कळलं. तरी तिनं चौथी ओळ वाचली.

तेव्हापासून तेच चाललं. तो स्टेजवर आणि ती प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात. स्टेजच्या पुढच्या काठाला मधोमध तो खड्डा, त्यावर पत्र्याची टोपी, आत एक स्टूल आणि एक दिवा. प्रेक्षकांना आतलं माणूस दिसत नाही, नटाला मात्र दिसतं. आत बसून ओलिंपिया ओठ हलवायची. आवाज असा काढायची की पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, पडदा सळसळला. ओळच नाही, श्वाससुद्धा तीच द्यायची. हशा चालू असला की ती तोंड मिटून थांबायची, आणि हशा उतरायला लागला की नेमकी पुढची ओळ सोडायची. नवऱ्याला टाळ्या कुठं पडणार हे तिला त्याच्याआधी कळायचं.

हे सगळं एका सिनेमा थिएटरात. सिनेमाच्या आधी यांच्या कंपनीचा खेळ व्हायचा. सहा नाचणाऱ्या मुली, एक जादूगार, आणि शेवटी सबातीनो. पब्लिक सिनेमासाठी आलेलं, सगळं बंदरावरचं. नट आवडला नाही तर शेंगा मारायचे, फारच आवडला नाही तर मेलेलं मांजर. जादूगाराला एकदा मिळालं होतं. सबातीनोवर कधी कुणी शेंग फेकली नाही. उलट त्याचं झालं की निम्मे लोक सिनेमा न बघताच उठून जायचे, आणि थिएटरवाला कपाळाला हात लावायचा.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं नवरदेवाचं. आखूड कोट घातलेला नवरदेव स्वतःच्याच लग्नात येतो आणि त्याला कुणी ओळखतच नाही. सासरा त्याच्या हातात टोपी देतो, सासू ट्रे देते, एक काका म्हणतो, अरे पोऱ्या, वाइन आण. प्रत्येक कडव्यात तो सांगायला जातो की अहो, मीच नवरा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या हातात आणखी एक वस्तू येते. शेवटी वस्तूंच्या ढिगाआडून फक्त कान दिसायचे आणि तो गोड आवाज यायचा. गावात जे घडेल ते ओलिंपिया रोज त्यात घुसडायची, त्यामुळं कडवी रोज बदलायची, आणि कडवी रोज बदलतात म्हणून पाठ करायचा प्रश्नच नव्हता.

एकदा रोमहून सिनेमावाल्यांचं बोलावणं आलं. गेला. कॅमेऱ्यापुढं उभा केला तर हा खाली बघायला लागला. खाली नुसती फरशी. त्याच्या दोन वाक्यांसाठी त्यांनी दिवस घालवला आणि मग ती वाक्यं दुसऱ्याला दिली. परतीच्या गाडीत तो ओलिंपियाला म्हणाला की रोममध्ये खड्डेच नाहीत, कसलं गाव. ती हसली. तोही हसला. पण परत कुणाच्या बोलावण्यावर गेला नाही.

आणि मग त्या हिवाळ्यात त्याचा गळा बसला. आधी सर्दी म्हणाले, मग थकवा म्हणाले, मग मोठ्या डॉक्टरनं आरशानं आत बघितलं आणि ओलिंपियाला बाहेर बोलावलं. गळ्यात गाठ होती. कापून काढली. गाठ गेली, पण सोबत आवाजही गेला. येईल कदाचित, डॉक्टर म्हणाला, आणि 'कदाचित' म्हणताना त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

नेपल्सच्या माणसाला जिभेवाचून फार अडत नाही, हात असले की झालं. सबातीनो हातांनी भांडला, हातांनी भाव केला, हातांनी शेजारच्या फिलुमेनाची टिंगल केली. गल्ली हसत राहिली. फक्त ओलिंपियाला दिसायचं की संध्याकाळी खेळाची वेळ झाली की तो भिंतीकडं तोंड करून बसतो आणि गळ्याला हात लावून तो आतून हलतोय का बघतो.

तिनं नवस केला. गल्लीच्या टोकाच्या देवळात क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची मूर्ती आहे, त्याच्या अंगावर जांभळा झगा. त्याच्या पायाशी बसून ती म्हणाली, याचा आवाज परत दे. जोवर याचा आवाज राहील तोवर मी तुझ्या रंगाचं नेसेन, दुसरा रंग अंगाला लावणार नाही. मेणबत्ती लावली, उठली, दारापर्यंत आली आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिथंच खांब धरून उभी राहिली.

वीस वर्षं नाटकवाल्यांत काढलेली बाई. जांभळा! ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस पाद्री जांभळं घालतात, आणि जुन्या काळी ते चाळीस दिवस थिएटरं बंद असायची, नटांच्या घरी चूल पेटायची नाही. त्या उपासमारीची भीती अजून त्यांच्या हाडात आहे. जांभळा रुमाल दिसला तरी खेळ बंद पाडतील असली माणसं. दुसऱ्या कुणी हा नवस केला असता तर तिनंच त्याला वेडं ठरवलं असतं. पण मूर्तीपुढं तिला नवऱ्याचा गळा दिसत होता आणि समोर तो झगा दिसत होता, मधलं काही दिसलंच नाही. आणि दिलेला नवस काही बाजारातली मासळी नाही, वास आला म्हणून परत करायला.

आवाज आला. एका सकाळी ती धुणं भिजवत होती आणि मागून कुणीतरी खरखरत म्हणालं, कॉफी उतू चाललीय. ती धुणं टाकून त्याच्याकडं धावली. कॉफी सगळी उतू गेली.

तिनं त्याच आठवड्यात दोन जांभळे झगे शिवून घेतले. अंगात घालून समोर आली तेव्हा सबातीनोचा हात आपोआप पलंगाच्या लोखंडी दांडीवर गेला, अपशकुन दिसला की नेपल्सचा माणूस लोखंडाला हात लावतो तसा.

"दुसरा रंग नव्हता तुझ्या येशूकडं?" तो म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं. तो चिडला नाही. गळ्यातून शब्द निघत होते, चिडणार कोणावर? पण ती जवळून गेली की त्याचा हात खिशातल्या किल्लीवर जायचा. जेवताना तो तिच्याकडं पाठ करून बसायला लागला. फिलुमेनानं विचारलं तेव्हा म्हणाला, समोर पाद्री बसल्यासारखं वाटतं, घास घेण्याआधी पापं सांगावी लागतील.

महिन्याभरात गळा मोकळा झाला. पहिल्यापेक्षा चांगला झाला असं गल्ली म्हणायची. कंपनीचा मालक अत्तीलिओ स्वतः घरी आला, आणि उंबऱ्यातच थांबला, कारण दारात ओलिंपिया उभी. त्यानं एक हात खिशात घातला, दुसऱ्यानं टोपी काढली आणि तिच्या डोक्यावरून सबातीनोशी बोलला. ईस्टरच्या दिवशी थिएटर नव्यानं उघडायचं होतं. नाव सबातीनोचं लावायचं होतं, सगळ्यात वर. मग तो ओलिंपियाकडं वळला. त्याला तिच्याबद्दल आदर होता, ते खरं. वहिनी, तुम्हाला मी डोक्यावर घेईन, म्हणाला, पण हे कापड माझ्या थिएटरात येणार नाही.

म्हणून खड्ड्यात अत्तीलिओचा मेहुणा बसवला. औषधाच्या दुकानात कारकून, वाचायला पक्का. तालमीला त्यानं ओळी अशा वाचल्या जशा काही गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतोय. शेवटच्या रांगेत झाडणाऱ्या बाईलाही ऐकू गेलं. सबातीनो खाली बघायचा, खाली एक मिशी दिसायची, आणि तोंडातली ओळ विरघळून जायची. दुसऱ्या दिवशीही तेच. नाचणाऱ्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. जादूगार मोठ्यानं म्हणाला की गळा दुरुस्त झाला, आता डोकं दाखवून घ्या.

घरी येऊन सबातीनो इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं तोंड करून बसला.

"काढ ते," तो म्हणाला. "एक तास. तासभर काढलंस तर तुझा येशू काय थिएटरात बसून मोजणार आहे का?"

"त्याला सांगितलंय मी, आवाज आहे तोवर."

"पाद्री म्हणतो नवस बदलून देता येतो. अत्तीलिओनं विचारलंय."

"पाद्रीला नाही दिला मी नवस." ती भाजी चिरत होती, हात थांबला नाही. "डॉक्टरनं ते भांडं तुला दाखवलं नव्हतं. मला दाखवलं होतं. गाठ होती त्यात. पुन्हा मागू नकोस माझ्याकडं."

"ओलिंपिया, मला त्या मिशीतून काही ऐकू येत नाही."

हे त्यानं अगदी हळू म्हटलं. विनोद नव्हता त्यात कुठं, आणि तिला सवय विनोदाची. तिनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, बरं. काढते.

खोटं बोलली. त्याच्याशी पहिल्यांदा. चष्म्याचं त्याचं खोटं तिनं पोटात घातलं होतं, आता आपलं एक त्याच्या पोटात गेलं तर काय बिघडलं, असं काहीतरी तिनं स्वतःला समजावलं असेल. देवालाही फसवायचं नव्हतं आणि नटांनाही दुखवायचं नव्हतं. जांभळ्यावरून काळा झगा घातला की देवाला जांभळं पोचलं, नटांना काळं दिसलं. तिचा स्वतःचा काळा झगा फिलुमेनाच्या आईच्या मयताला दिला होता तो परत आलाच नव्हता, म्हणून फिलुमेनाचाच मागून आणला. फिलुमेना काडीसारखी. जांभळ्यावरून त्याची बटणं लावताना ओलिंपियाला श्वास धरावा लागला.

ईस्टरच्या दुपारी सबातीनोनं तिला काळ्यात बघितलं, तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि वाटभर गुणगुणत गेला. थिएटरात मुलींनी तिला मिठ्या मारल्या. अत्तीलिओनं हाताला धरून तिला खड्ड्यात उतरवलं. मेहुणा खुशीत घरी गेला.

थिएटर फुल्ल. भिंतीला टेकून माणसं, मांडीवर पोरं. सबातीनो आखूड कोटात आला आणि काही न बोलता नुसता उभा राहिला, तर एवढा गलका झाला की दिवे हलले. ओलिंपियानं पहिली ओळ सोडली. त्यानं उचलली. असा आवाज लागला होता, असा, की ती स्वतः पुढची ओळ द्यायला अर्धा क्षण विसरली, आणि त्यानं तो अर्धा क्षणसुद्धा हशात विकला. सासऱ्याची टोपी आली. सासूचा ट्रे आला. तिसऱ्या कडव्यात नगरपालिकेच्या फुटक्या नळांवर नवी ओळ होती, ती ओळ मोठी होती, श्वास जास्त द्यायचा होता. ती पुढं वाकली.

बटण तुटलं. मग त्याच्या खालचं. फिलुमेनाचा झगा गळ्यापासून छातीपर्यंत उघडला आणि दिव्याच्या उजेडात ते जांभळं असं भडकलं, जसं काही खड्ड्यात कुणी काडी ओढली.

फक्त त्याला दिसलं. सबातीनो थांबला. हातात टोपी, ट्रे, वाइनची सुरई. तो खाली बघत होता. तिनं ओळ परत दिली. परत दिली. तिसऱ्यांदा इतक्या जोरात दिली की पुढच्या रांगेनं ऐकली असेल, पण ऐकायला कोण शुद्धीवर होतं? लोकांना वाटलं, नवरदेवाला कळून चुकलंय की या लग्नात त्याला कुणीच ओळखणार नाही, आणि तो थिजलाय. आधी एक बाई हसली, मग रांग हसली, मग वरची गॅलरी पाय आपटायला लागली. लोक डोळे पुसत होते. एवढा हशा त्याला जन्मात मिळाला नव्हता.

ओलिंपिया त्याच्या हातांकडं बघत होती. किल्ली खिशात होती. तो किल्लीला हात लावेल, सुरईवर बोट आपटेल, काहीतरी करेल, असं तिला वाटत होतं. त्यानं काहीच केलं नाही. वाकून ट्रे खाली ठेवला, टोपी ठेवली, सुरई ठेवली, नीट, एकाशेजारी एक, आणि आत चालत गेला. थिएटर छप्पर फोडून टाळ्या वाजवत होतं.

ती आत गेली तेव्हा अत्तीलिओ त्याचे खांदे हलवत होता. ते थांबणं, ते बघणं, रोज करायचं, वर्षभर करायचं, मिलानला जाऊन करायचं! तेवढ्यात त्याला ओलिंपिया दिसली, तिनं मुठीत धरलेला झग्याचा गळा दिसला, मुठीखालून डोकावणारा रंग दिसला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. एका मुलीनं किंचाळून जिना गाठला. खोली रिकामी झाली.

सबातीनो आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होता.

"पहिल्यापासून होतं आत?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग मी गायलो ते त्याच्यासमोरच गायलो."

"हो. आणि काही झालं नाही, सबाती. बघ, काही झालं नाही. आवाज बघ तुझा." ती पुढं आली. "उद्या सांगू त्यांना. म्हणावं, जांभळ्यासमोर गायलो, काय वाकडं झालं?"

त्यानं फडकं खाली ठेवलं.

"जांभळ्याचं नाही गं," तो म्हणाला. "तू जे देशील ते मी आजवर न बघता तोंडात घातलं. लहान पोर घास घेतं तसं. आता प्रत्येक वेळी आधी बघणार मी. बघून गाता येत नाही."

एवढंच. आरडाओरडा नाही, मारणं नाही. तिला वाटलं, मारलं असतं तरी चाललं असतं.

तो परत स्टेजवर चढला नाही. अत्तीलिओ दोनदा आला, एकदा रागावून, एकदा रडून. मग त्यानं एक तरुण नट धरला, तो ते थिजणं करून दाखवायचा, आणि लोक त्याला शेंगा मारायचे. सबातीनोला बंदरावर काम मिळालं, धक्क्यावर उभं राहून बोटी कुठल्या बेटावर चालल्यात ते पुकारायचं. प्रोचिदा, इस्किया, काप्री. तेवढे तीन शब्द, कुणी द्यावे लागत नाहीत असले. तरी तो पुकारायचा तेव्हा बोटीवर चढणारी माणसं वळून हसायची, का ते त्यांनाही कळायचं नाही. ओलिंपिया मासळी घ्यायच्या निमित्तानं रोज तिकडून जायची, जाळ्यांच्या ढिगामागं उभी राहून ऐकायची. आवाज घंटेसारखा. डॉक्टरनं पुन्हा आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, विशीतल्या पोराचा गळा आहे. येशूनं आपली बाजू राखली होती. तिनंही तिची राखली. झगे विरले, नवे शिवले, जांभळेच.

घरी तो बोलायचा. मीठ कमी आहे, फिलुमेनाचा जावई दारू पितो, उद्या वारा सुटणार. गोडच बोलायचा. फक्त पेपर वाचून दाखव असं कधी म्हणाला नाही. धक्क्यावरच्या तिकीटवाल्याकडून बातम्या ऐकून यायचा आणि तिलाच सांगायचा. ती पेपर घडी घालून ठेवायची.

अशी वर्षं गेली. एका गुरुवारी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना, न्हाव्याला काहीतरी सांगता सांगता सबातीनो मेला. हृदय. काय सांगत होता ते न्हाव्याला हसू येत होतं म्हणून नीट ऐकू आलं नव्हतं. तो ओलिंपियाचे हात धरून माफी मागत राहिला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत दारासमोर तीन दगड मांडून हंडा चढवला. मयत झालं की घरातले कपडे काळे करतात, तसा रंग उकळायला घातला. फिलुमेनानं लाकडं आणली. ओलिंपिया आतल्या जुन्या परकरात, वरून शाल गुंडाळून, बाहेर आली. दोन्ही जांभळे झगे हातावर होते.

"नवस?" फिलुमेनानं विचारलं.

"आवाज आहे तोवर होता," ओलिंपिया म्हणाली आणि झगे हंड्यात सोडले.

गल्लीच्या पलीकडच्या भिंतीशी अत्तीलिओ उभा होता. म्हातारा झाला होता, काठी घेऊन आला होता, मागं दोन जुन्या नाचणाऱ्या मुली, आता जाड झालेल्या. तिघंही तिथूनच बघत होते. जांभळं पाण्यावर फुगून वर यायचं, ओलिंपिया ते काठीनं खाली दाबायची, पुन्हा वर यायचं. अत्तीलिओचा हात कोटाच्या खिशात होता. हळूहळू कापड गढूळ झालं, मग तपकिरी, मग काळं, आणि काठीला लागून वर आलं ते पूर्ण काळंच आलं.

तेव्हा अत्तीलिओनं खिशातून हात काढला, गल्ली ओलांडली आणि तिच्यापाशी येऊन लहान पोरासारखा रडायला लागला. वहिनी, वहिनी, एवढंच म्हणत होता. मुलींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. तिच्या ओल्या, काळ्या झालेल्या हातांचे मुके घेतले.

ओलिंपियानं पायानं एक स्टूल पुढं सरकवलं.

"बसा मालक," ती म्हणाली. "आता काही भीती नाही."